पुसणारी म्हातारी : लीळाचरित्रातील काही प्रश्नोत्तरांविषयी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात यवतमाळचे नाव निघते ते बहुधा साहित्य संमेलनांच्या निमित्ताने. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अशी दोन अखिल भारतीय संमेलने या गावाने भरवली. परंतु या दोन्ही संमेलनांहून जुने आणि माझ्या मते अधिक मोलाचे असे एक काम यवतमाळात झाले आहे. ते तेथे वकिली करणाऱ्या यशवंत खुशाल देशपांडे यांनी केले. महानुभाव मठांमधून पेटाऱ्यांत पडून असलेल्या पोथ्या मिळवाव्यात, त्या लावाव्यात आणि त्यांत काय आहे हे मराठी वाचकाला सांगावे, हा त्यांचा ध्यास होता. यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेभोवती हे काम उभे राहिले आणि १९२५ साली त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

'पोथ्या लावाव्यात' हे वरवर साधे वाटते, पण तसे ते नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक अशी त्यांची नावे. त्यांतली सकळ लिपी सर्वांत अधिक प्रचलित. अक्षरे देवनागरीच, परंतु एकाच्या जागी दुसरे. बाहेरच्या माणसाला ओळ वाचता येई, अर्थ मात्र लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही लिपी उलगडली, वि. ल. भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाची दखल घेतली आणि वऱ्हाडातल्या संशोधकांना घराजवळचाच खजिना उघडा झाला. तोवर मराठी समाजाचे या पंथाविषयीचे ज्ञान काय होते? 'मानभावी' हा एक शब्द. ढोंगी, वरकरणी गोड, या अर्थाने आपण तो आजही बिनदिक्कत वापरतो आणि तो एका संप्रदायाच्या नावावरून आला आहे हे बहुतेकांच्या गावीही नसते.

कुलूप एवढे भक्कम, तेव्हा आत काही गूढ मंत्रविद्या किंवा निदान दुर्बोध तत्त्वज्ञान असेल, अशी कोणाचीही अपेक्षा व्हावी. प्रत्यक्षात निघाले काय? माणसांचे बोलणे! तेराव्या शतकातल्या बायाबापड्यांनी, भटांनी, वाटसरूंनी, पारध्यांनी एका माणसाला विचारलेले प्रश्न आणि त्याने दिलेली उत्तरे.

लीळाचरित्राची घडण अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी रिद्धपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आले. तेथे म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे मनावर घेतले. नागदेवाचार्यांना विचारले आणि मग ज्याच्या-ज्याच्या देखत जे घडले त्याच्या-त्याच्याकडे जाऊन त्यांनी ते विचारून घेतले. हे १२७८च्या सुमाराचे काम मानले जाते. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना जसे पाठ होते तसे त्यांनी पुन्हा लिहविले आणि त्यातून निरनिराळे पाठ तयार झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ अशा रीतीने पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारपूस करून उभा राहिलेला आहे. चरित्रनायकाला लोकांनी विचारले आणि त्या लोकांना चरित्रकाराने विचारले.

ग्रंथ उघडल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्यातला घरगुतीपणा. कोण जेवायला बसले आहे, कोणाला वाढायचे राहिले आहे, कोण रुसले आहे. बाइसा स्वामींच्या जेवणाखाण्याचे पाहतात आणि त्या अधिकाराने सगळ्यांवर थोडी सत्ताही गाजवतात. एल्हाइसेला स्वामी 'साधे' म्हणतात आणि तिच्या भाबडेपणाच्या लीळा वाचताना आजही हसू आवरत नाही. या हसण्याखेळण्यातच कोणीतरी काहीतरी 'पुसते'. लीळा पुष्कळदा या एका क्रियापदावर उभी असते. पुसणारा विद्वान असेलच असे नाही आणि पुसलेले ब्रह्मविद्येविषयीच असेल असेही नाही.

या पुसणाऱ्यांत पहिला मान महदाइसेचा. मूळ नाव रूपाइसा, नागदेवाचार्यांची चुलत बहीण, बालविधवा, आधी दादोसांची शिष्या. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून ती आज पाठ्यपुस्तकांत आहे आणि ही ओळख रूढ करण्यात शारदाश्रमाचा मोठा वाटा आहे. पण मला तिचे कवयित्रीपण दुय्यम वाटते. तिचा खरा व्यवसाय प्रश्न विचारण्याचा! ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, काही ना काही विचारतच असते, असा अभिप्राय स्वामींनीच दिलेला आहे. 'म्हातारी' हा शब्द येथे वयाचा दाखला म्हणून घेऊ नये. त्यात लाड आहे. लहान मुलीला 'काय आजीबाई' म्हणावे तसा. शिवाय त्या अभिप्रायात त्रासिकपणा अजिबात नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सतत प्रश्न विचारणाऱ्या विधवेला तेराव्या शतकात (आणि पुढच्या सहा शतकांतही) कोणती विशेषणे मिळाली असती, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी.

उत्तरे कशी होती? एक उदाहरण पुष्कळदा सांगितले जाते, परंतु त्यातले मर्म बऱ्याचदा निसटते. विटाळ धरावा की धरू नये हा प्रश्न या मंडळींपुढे तत्त्वचर्चेचा नव्हता. भिक्षेचा, स्वयंपाकाचा, एकत्र राहण्याचा होता. दर महिन्याला येणारा. त्यावर स्वामींचे म्हणणे असे की देहाला नऊ द्वारे आहेत, त्यांतून निरनिराळे स्राव होतात, हा त्यांसारखाच एक स्राव. वाहतो आणि थांबतो. बस्स. यात शास्त्रवचनाचे खंडन नाही, प्रायश्चित्ताची पळवाट नाही, फार काय, बंडाची ऐटही नाही. नाक वाहते तसेच हे, अशा सुरात सांगून टाकले आहे. मोठमोठ्या ग्रंथांनी ज्याच्याभोवती भीती उभी केली ती गोष्ट केवळ उत्तराच्या सुराने लहान झाली. प्रश्न घरातला होता, उत्तरही घरातल्या भाषेत आले.

दुसरा प्रसंग. बायकांना धर्माचा अधिकार कशाला, अशा रोखाने बोलणाऱ्याला स्वामी उलट विचारतात. तुमचा तो जीव, मग यांचा काय जीवापेक्षा कमी असा काहीतरी आहे काय? मूळ मराठीत तेथे 'जीव' या शब्दाचे एक लाडिक, हिणवणारे रूप योजले आहे आणि त्या एका प्रत्ययात आक्षेप घेणाऱ्याची सगळी फजिती सामावली आहे. तत्त्वज्ञानाचा भला मोठा सिद्धान्त व्याकरणाच्या थट्टेत सांगण्याची ही हातोटी मराठीत नंतर फारशी दिसत नाही. तिसरा प्रसंग पारध्यांचा. ससा जीव घेऊन पळत येतो आणि स्वामींच्या मांडीखाली दडतो. मागून आलेले पारधी आपली शिकार परत मागतात. त्यांची मागणी रास्तच. ससा त्यांच्या पोटाचा. स्वामी त्यांना पापी ठरवून शापत नाहीत. हा येथे आश्रयाला आला आहे एवढेच सांगून त्यांच्याशी बोलत बसतात.

जे प्रश्न खरोखर अवघड, त्यांना दृष्टान्त. ईश्वर कसा आहे, हे निरनिराळे लोक निरनिराळे का सांगतात? याला जन्मांधांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट. ज्याच्या हाती पाय लागला त्याला तो खांबासारखा, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. ही कथा भारतभर आहे, बौद्धांकडे आहे, जैनांकडे आहे. मौज तिच्या नावीन्यात नाही. ती ऐकणाऱ्या बाईच्या घरात सूप आहे, त्यात आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहावयास घेतले त्याकडे येतो.

स्वामींच्या पश्चात या संवादांचे पुढे काय करायचे, असा प्रश्न पंथापुढे उभा राहिला. केशिराज व्यास, म्हणजे केसोबास, हे संस्कृतचे पंडित. त्यांनी लीळांमधून स्वामींची वचने तेवढी वेचून काढली आणि सूत्रपाठ सिद्ध केला. दृष्टान्त वेगळे काढले, त्यांचा दृष्टान्तपाठ झाला, एकशे चौदा दृष्टान्तांचा. पंथाच्या दृष्टीने हे अत्यावश्यक होते. पाठांतराला सुटसुटीत, निरूपणाला सोयीचे. सूत्रपाठ हाच पुढे महानुभावांचा मुख्य धर्मग्रंथ ठरला. परंतु या वेचणीत एक गोष्ट गळाली. प्रश्न गळाला. कोणी विचारले, कोठे, कशासाठी, हसत विचारले की रडत, हे सगळे खाली राहिले आणि उत्तर एकटेच वर आले.

उत्तर एकटे पडले की त्याचा नियम होतो. एका विशिष्ट बाईला एका विशिष्ट सकाळी सांगितलेली गोष्ट सर्व बायकांना सर्व काळी लागू झाली, असे वाटू लागते. एक ठळक नमुना देतो. कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, अशा आशयाचे सूत्र प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात त्याचा उल्लेख महाराष्ट्राभिमानाचा आद्य उद्गार म्हणून व्याख्यानांतून, अग्रलेखांतून इतक्यांदा झाला की चक्रधर हे संयुक्त महाराष्ट्र समितीचे संस्थापक सदस्य असावेत असे वाटावे! वस्तुतः ते मुलूख विषयबहुल आहेत, सुखोपभोगाची रेलचेल तेथे अधिक, हे कारण सूत्राच्या भोवतीच सांगितलेले आहे. घरदार सोडून भिक्षेवर राहणाऱ्या माणसाने कोठे हिंडावे, या अगदी व्यावहारिक पृच्छेला दिलेला तो व्यावहारिक सल्ला आहे. भूमीचा गौरव त्यात असलाच तर एवढाच, की येथे मन फारसे चाळवत नाही. पुसणारा पुसला गेला आणि सल्ल्याची घोषणा झाली.

महानुभावांचे थोरपण असे की हा तोटा त्यांच्याच ध्यानात आला. सूत्रांवर त्यांनी जी अनेक प्रकारची भाष्ये रचली त्यांत 'प्रकरणवश' नावाचा एक प्रकार आहे. त्याचे काम एकच : अमुक सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले, समोर कोण होते, हे लीळेतून शोधून सूत्राला पुन्हा जोडणे. माझ्या अल्प वाचनात, धर्मग्रंथातील वचनाला त्याचा हरवलेला प्रश्न परत मिळवून देण्यासाठी स्वतंत्र ग्रंथप्रकार निर्माण करणारा दुसरा मराठी संप्रदाय आलेला नाही. य. खु. देशपांडे हे वकील होते, याची मला येथे गंमत वाटते. साक्षीदाराचे उत्तर त्याला विचारलेल्या प्रश्नाशिवाय वाचू नये, हे ज्याला धंद्यानेच शिकवले त्याच्या हाती या पोथ्या लागल्या.

संस्कृतविषयीचा प्रसिद्ध प्रसंगही याच धाग्यातला आहे. स्मृतिस्थळ या ग्रंथात नागदेवाचार्यांच्या काळच्या आठवणी आहेत. केसोबास आणि त्यांच्यासारखे दुसरे पंडित आचार्यांना संस्कृतात काही विचारतात. आचार्य त्यांना थांबवतात. तुमची ती अस्मात् कस्मात् मला कळत नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितले, तुम्हीही मराठीतच विचारा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि केसोबासांनी संस्कृतात ग्रंथ करण्याचा बेत सांगितला तेव्हा, त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे म्हणून त्यांनी तो मोडून काढला. या प्रसंगाचा दाखला मराठीच्या अस्मितेसाठी नेहमी दिला जातो. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, त्या निमित्तानेही तो पुष्कळ ऐकू आला. ऐकून आनंदच झाला. परंतु आचार्यांच्या डोळ्यांसमोर भाषा नसावी, म्हाताऱ्या असाव्यात. त्यांना ऐकता आले पाहिजे, ही गोष्ट खरीच. त्याहून मोठी गोष्ट ही, की त्यांना विचारता आले पाहिजे. ज्या भाषेत आपल्याला प्रश्न करता येत नाही त्या भाषेतले उत्तर म्हणजे आज्ञा. पंडितांनाही आचार्यांनी 'मराठीत ऐका' असे म्हटलेले नाही, 'मराठीत पुसा' असे म्हटले आहे.

आणि तरीही हेच वाङ्मय पुढे सकळ लिपीत बंद झाले. म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारणाऱ्या पंथाने चाळीसपन्नास वर्षांच्या आत आपली मराठी कुलपात घातली, हा विरोधाभास मला कित्येक दिवस छळत होता. काळ बिकट होता, यादवांचे राज्य बुडाले होते, सनातनी समाजाचा रोष होता, पाठ भ्रष्ट होण्याची धास्ती होती. ही कारणे खरी आहेत. पण याची किंमत महानुभावांपेक्षा उरलेल्या मराठी समाजाने अधिक मोजली. महदाइसेने जे विचारून घेतले होते ते पुढच्या सहाशे वर्षांतल्या इतर घरांतल्या बायकांपर्यंत पोहोचलेच नाही. दर महिन्याला बाजूला बसणारी यवतमाळ-दारव्ह्याकडची कोणी बाई, तिच्या गावापासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, मठातल्या पेटाऱ्यात, तिच्याच बोलीच्या पूर्वजेत तिच्या प्रश्नाचे उत्तर पडून आहे, हे कसे जाणणार होती?

वऱ्हाडाच्या मातीत मात्र प्रश्नोत्तराची खोड टिकून राहिली, असे मला गाडगेबाबांची कीर्तने ऐकताना वाटते. त्यांचा आणि महानुभावांचा काही संप्रदायसंबंध नाही; रिद्धपूर आणि बाबांचे शेंडगाव एकाच जिल्ह्यात, इतकेच. बाबांना लिहितावाचता येत नव्हते. तेही बोलत, आणि प्रश्नोत्तरांतच बोलत. फरक हा की येथे उलटी गंगा आहे. साधू विचारतो आणि गाव उत्तरे देते. देवाला अंघोळ कोण घालते? नैवेद्य ठेवला तर त्याच्याजवळ काठी घेऊन कोण बसते? कुत्रे आले तर देवाला हाकलता येते काय? प्रत्येक प्रश्नाला गर्दीतून एकमुखाने उत्तर येते, हशा पिकतो, आणि हशा ओसरता ओसरता माणसाच्या लक्षात येते की आपणच आपल्या तोंडाने काहीतरी भलतेच कबूल करून बसलो. मग बाबा हळूच घरात शिरतात. सण कशाने केला? कर्ज काढून? पोराला शाळेत घातले काय? या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांना गर्दीचा आवाज उतरतो. यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली दोनअडीच दशके देशाला ज्या कारणाने ठाऊक झाले, ते कर्जच आहे. लग्न, सण, मयत यांपायी सावकाराकडे जाण्याविषयीचा हा प्रश्न येथे कोणी मौज म्हणून ऐकत नसणार.

बाबांच्या निधनाच्या सहा आठवडे आधी, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. म्हाइंभटांना जे दारोदार जाऊन, एकेकाला विचारून, स्मरणातून जुळवावे लागले ते येथे यंत्राने आपसूक टिपले. बाबांचे पुस्तकी संग्रह वाचण्याआधी ते जरूर ऐकावे. छापताना श्रोत्यांचे हुंकार आणि होकार-नकार सहसा गाळतात किंवा कंसात टाकतात. ध्वनिमुद्रणात तसे करता येत नाही. म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज येतो, क्षणभर थांबतो, आणि समोर बसलेल्यांचे उत्तर ऐकू येते.